बाळ सांभाळायचा रोज

शिराळ्यात ऊसतोडीचा दर कुणालाही विचारा, चटकन सांगतील. भांगलणीचा रोज, नांगरटीचा एकरी दर, म्हशीच्या दुधाला फॅटप्रमाणे पडणारा भाव, सगळं तोंडपाठ. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईचंसुद्धा ठरलेलं असतं. सव्वा महिना मालिश, आंघोळ, शेक-धुरी, आणि शेवटी रोख रकमेवर लुगडं, खण, नारळ. त्यात कुणी हात आखडला तर चार घरांत बोभाटा होतो. पण सव्वा महिना सरतो, पुढं आईची रजाही सरते, आणि दिवसभर मूल सांभाळायला बाई बघायची वेळ येते. तिला काय द्यायचं, हे कुणी सांगत नाही. "बघू की, घेऊ समजून," एवढंच. समजून कुणी घ्यायचं, ते न बोलताच ठरलेलं असतं.

खालचा संवाद एका सोप्यावरचा आहे. माणसं मी जुळवलेली आहेत. बऱ्याच घरांत चालणारी बोलणी एका घरात आणून बसवली आहेत. सालं, कायदे आणि सरकारी आकडे तेवढे जसेच्या तसे.

आबा सत्तरीकडे झुकलेले. उमेदीचं सगळं आयुष्य मुंबईत माथाडी म्हणून गेलं, आधी दाणाबंदर आणि पुढं बाजार हलला तसं वाशीचं मार्केट. आता गावी. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक. शाळा कोकरूडच्या पलीकडं, एसटीनं जायचं. मानधन महिना १६,००० रुपये; २०२३ च्या आधी हेच ६,००० होतं. मुलगा पुण्यात कंपनीत, शनिवारी रात्री येतो. सासूबाईंच्या मागं दोन म्हशी आणि रान. बाळ सहा महिन्यांचं.

आबा : खालच्या आळीतली मावशी यायला तयार हाय. चार हजार बोललोय. दुपारचं जेवण आपल्यातच. दिवाळीला लुगडं. घरच्यासारखी ऱ्हाईल.

सून : आबा, चार हजार कुठल्या हिशेबानं?

आबा : हिशेब कसला? वरच्या गल्लीत तेवढंच देत्यात. आपण जास्त दिलं की त्यांची बाई उद्या तोंड उघडंल. दर बिघडवल्याचा बोल आपल्यावर यायचा.

सून : मी साडेनऊला घर सोडते, सहाला परत येते. साडेआठ तास झाले. असे पाच दिवस. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा सात ते बारा. आठवड्याचे साडेसत्तेचाळीस तास. महिन्याचे दोनशेच्या वर जातात. चार हजाराला भागून बघा. तासाला वीस रुपयेसुद्धा पडत नाहीत.

आबा : तास कसलं मोजती गं? निम्मा येळ पोरगं निजलेलंच असतंय. बसून तर ऱ्हायचं.

सून : ते निजलं म्हणून मावशीला घरी जाता येतं का? दळण आणायला जाता येतं का? नाही ना. मग तो वेळ आपणच घेतला की. तुम्ही बंदरात ट्रकची वाट बघत बसायचा, तेव्हा काय घरी यायचा?

आबा : पर त्या बसण्याचं आमाला कुटं पैसं मिळायचं? गोणीवर दर. माल उतरला तर मजुरी. नुसतं बसलेल्याला कोण देतंय?

सून : बरं, मग मावशीला गोणीवर द्या.

आबा : (हसून) गोणी थप्पीला लावली की पाठ मोकळी व्हती. ह्याला खाली ठिवलं की बोंबलतंय.

आबांचा मुद्दा त्यांच्या तोंडूनच निसटला, पण म्हणून तो हलका नव्हता. ज्या कामात कष्ट दिसतात त्याला दर पटकन ठरतो. शंभर किलोची गोणी दिसते, वाफ्यातलं तण उपटलेलं दिसतं. मूल सांभाळण्यात दिवसअखेर दाखवायला काहीच नसतं. मूल सकाळी होतं तसंच संध्याकाळी आईच्या हाती परत दिलं, की काम चोख झालं. जे घडलं नाही त्याची मजुरी कशी मोजायची? पाळण्यातून पडलं नाही, शेंगदाणा घशात अडकला नाही, चुलीकडं रांगत गेलं नाही.

आबा : आणि एक सांगू का? माझ्या मेव्हण्याची नात हाय. तेरा वर्साची. शाळेत लक्ष न्हाई. दोन हजारात येईल, खाऊन-पिऊन ऱ्हाईल, आपल्यात चार चांगल्या गोष्टी शिकंल.

सून : आबा, तेरा वर्षांच्या पोरीला कामाला ठेवणं गुन्हा आहे. घरकामाला चौदाच्या आतलं मूल ठेवायची बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून आहे. आणि मी मास्तरीण. दिवसभर शाळेत पट टिकवायचा म्हणून घरोघर फिरायचं, आणि माझ्याच घरी शाळा सुटलेली पोर माझं बाळ घेऊन बसवायची?

आबा : आगं, आमच्या येळंला थोरली भणच धाकट्यांला सांभाळायची. कोण मेलं न्हाई.

सून : मेलं नाही, पण शिकलं पण नाही. आमच्या डी.एड.ला ताराबाई मोडकांचा धडा होता. बोर्डीला १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. पोरी शाळेत येत नाहीत, कारण काखेला धाकटं भावंड असतं, हे त्यांनी बघितलं. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. ऐंशी वर्षं झाली त्याला.

आबा : मंग आपल्या अंगणवाडीत ठिव की.

सून : अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचं मूल बसतं. त्याच्या आतल्याला आहाराचं पाकीट घरी मिळतं, एवढंच. सहा महिन्यांपासूनच्या मुलांना सांभाळायची 'पाळणा' नावाची केंद्राची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. आपल्या गल्लीपर्यंत यायची आहे ती. तोवर मावशी.

पोरीचा विषय तिथंच मिटला. आबांनी पान लावायला घेतलं, आणि पान लावून झाल्यावर खरा मुद्दा काढला. हा मुद्दा मला सुनेच्या सगळ्या भागाकारांपेक्षा वजनदार वाटतो.

आबा : तू पैशाचं बोलती, मी माणसाचं बोलतोय. मावशीचा नवरा गेला तवा तिच्या घरी पयला तांदूळ कुणाच्यातनं गेला? आपल्यातनं. तिच्या पोराला पडसं-खोकला झाला तर गाडीवर घालून दवाखान्यात कोण नेतंय? तिच्या लेकीच्या लग्नात भांडी आपलीच. हे तुझ्या तासात कुटं बसतंय? उद्या तू म्हणणार, दर ठरला, पगार दिला, विषय संपला. मंग ती बी म्हणंल, सहा वाजलं, मी चालले. एसटी बंद पडली, तू आठाला आलीस, तर बाळ कुणाकडं टाकणार? आपुलकी हाय म्हणून ती बसती. पैशानं ती बसायची न्हाई.

सून : आपुलकी असू दे ना. मी कुठं नको म्हणते? पण आपुलकीचं माप नेहमी एकाच बाजूनं का कापलं जातं? घरच्यासारखी म्हणायचं, आणि घरच्यांना जे मिळतं ते द्यायचं नाही. घरच्या बाईला वाटणी असते, घरात हक्क असतो, आजारात तिची सेवा होते. मावशीला घरच्यासारखं फक्त काम.

आबा : धाराऊनं काय पगार बघून दूध पाजलं व्हय संभाजीराजांना? कापूरहोळची बाई. आईच्या जागी ऱ्हायली. आपल्या ह्या कोटात राजांना सोडवायला मर्दांनी जीव घातला, तसं तिनं दूध घातलं. त्याला मोल लावतीस?

शिराळ्याच्या माणसाशी वाद घालताना ही वेळ येतेच. संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीराजांना नेताना इथल्या भुईकोटात सोडवण्याचा प्रयत्न झाला, ही आठवण गाव उराशी बाळगून आहे. तिच्यापुढं भागाकार टिकत नाहीत, असं आबांना वाटलं असावं. पण सून मागं हटली नाही.

सून : धाराऊचं नाव साडेतीनशे वर्षं राहिलं, कारण राजांच्या घरानं तिचा मान ठेवला. आणि नुसता मान नाही, तिला तैनात बांधून दिली होती असंच सांगतात. महाराज म्हणाले का, आपुलकीनं पाज, दिवाळीला लुगडं देऊ? प्रेमाला मोल नाही हे खरं. पण प्रेम करणारीला पोट आहे. तिचं लेकरू मागं घरी होतंच की.

आबा गप्प झाले. वादात हरले म्हणून नव्हे. तैनातीचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. मग त्यांनी वाट बदलली. खरं तर ही वाट जवळपास प्रत्येक घरात निघते.

आबा : बरं बाई, तुझा हिशेब तू सांग. किती द्यायचं?

सून : रोजगार हमीचा सरकारी रोज २०२५-२६ साठी ३१२ रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ८,११२. हे झालं खड्डे खणायचं. आता रानातलं बघा. भांगलणीला बाया सकाळी जातात, दोनला परत येतात, तीनशे घेतात. तासाला पन्नास पडले. त्या दरानं मावशीचे दहा हजारांच्या वर जातात.

आबा : आणि तुझा पगार सोळा! दहा तिला दिल्यावर तुझ्या हातात काय ऱ्हातंय? एसटीचं भाडं जाऊन पाच-साडेपाच? त्यापरीस घरी ऱ्हा, पोरगं बी सांभाळून व्हईल.

सून : आबा, मावशीचा पगार माझ्याच पगारातून का वजा करता? बाळाला आई एकटीच आहे का? तुमच्या मुलाचा पगार आहे, माझा आहे. दोन्ही एकत्र करा आणि मग त्यातून काढा. ते पुण्यात कामाला जातात ते बाळ कुणीतरी सांभाळतंय म्हणूनच ना? त्यांच्या पगाराला कुणी म्हणत नाही, की बाई ठेवून काय उरतं, घरी या.

आबा : लोकात असंच इचारत्यात.

सून : आणि घरी राहायचं तर तुम्हीच घरी आहात की दिवसभर.

आबा : मी? पाठ बघ माझी. वाकता येत न्हाई. त्याला लंगोट बांधायचा म्हटलं तर माझा हात थरथरतोय.

(आतून सासूबाईंचा आवाज : "तीन पोरांत एकाचा तरी लंगोट बदललाय का कधी, ते इचार.")

आबा : हिनं तीन पोरं वाढवली, म्हशी बघितल्या, रान बघितलं. हिला कुणी पगार दिला?

सून : तो हिशेब काढायला बसलो तर तुमचा सगळा फंड पुरायचा नाही.

गंमत म्हणून सोडून देता येईल, पण गोम इथंच आहे. मूल सांभाळण्याचा दर बाजारात ठरत नाही, तो आईच्या पगाराच्या उरलेल्या भागातून ठरतो. आईलाच कमी मिळत असेल तर सांभाळणारीला त्याहून कमी. सोळा हजारांच्या सुनेपुढं चार हजारांची मावशी उभी राहते, ती अशी. त्यातून सुटायची एकच सरळ वाट मला दिसते. आईकडं काय उरतं हे बघूच नये. मावशी आपल्याकडं आली नसती तर तिनं कुठं काय कमावलं असतं, ते बघावं. शिराळ्यात त्याचं उत्तर भांगलणीच्या रोजात आहे. तेवढं परवडत नसेल तर तास कमी करावेत, दोन घरांनी मिळून एक बाई ठेवावी, नवऱ्याला खर्चात ओढावं. तासाचा दर पाडू नये.

आता आबांचा माथाडीपणा. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला ओझी उचलायला गेली. अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याची रचना साधी, पण बिनतोड. व्यापारी बदलतो, ट्रक बदलतो, मालक असा एक नसतोच. म्हणून मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्यानं मंडळात भरायची. मंडळ मजुरी देणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. शिराळा तालुक्यातली किती घरं या लेव्हीवर उभी राहिली असतील, ते मोजायची सोय नाही.

घरकाम करणाऱ्या बायकांचीही तीच अडचण आहे, मालक अनेक आणि विखुरलेले. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला. पगारवाढ, सुट्टी, दिवाळीचा बोनस या मागण्या रस्त्यावर आल्या, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. शेजारच्या कर्नाटकानं २००४ मध्ये घरकामाला किमान वेतन लावलं. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नाव नोंदवता येतं, पण माथाडीसारखी मालकावर लेव्ही नाही, म्हणून मंडळाच्या हातात द्यायला फारसं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, मान्यता मात्र दिली नाही. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं.

सून : आबा, १९६९ च्या आधी मुकादमाला मालक काय म्हणायचा, ते जुन्या लोकांकडनं तुम्ही ऐकलंच असेल?

आबा : काय म्हणणार? 'तू आपल्या घरचा माणूस. हिशेब कशाला ठेवतोस?'

(इथं आबा जरा थांबले. पण माणूस इतक्या लवकर वळत नाही.)

आबा : पर माथाडीचं काम शिकावं लागतंय. हूक कुटं मारायचा, ओझं मानंवर कसं घ्यायचं, न्हाईतर कणा जातोय. पोरगं सांभाळायला काय शिक्षण लागतंय? कुणी बी बाई करती.

सून : कुणीही करते म्हणूनच भीती वाटते. सहा महिने झाले, आता वरचं खाणं सुरू. नाचणीचं सत्त्व किती घट्ट, मुगाचं पाणी कधी, घास किती छोटा. ताप आला तर आधी अंग पुसायचं, औषध मला विचारल्याशिवाय नाही. गुटी म्हणून कुणी काही उगाळून दिलं तर घ्यायचं नाही. रडतंय म्हणून मोबाइल दाखवायचा नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवायचं. एवढं डोक्यात ठेवून आठ तास शांत राहायचं. तुम्ही हूक म्हणता, तो हाच.

आबा : (हळू आवाजात) गुटीचं खरं हाय. आमच्या चाळीत एक म्हातारी हुती, जुन्या गिरणीतली. ती सांगायची, त्यांच्या टायमाला बाया पाळीला जाताना तान्ह्याला बाळगोळी द्यायच्या. अफूची. पोरगं पडून ऱ्हायचं सांजंपतोर. सांभाळायला कोण ठेवणार? पगारच तेवढा न्हवता.

आबांनी ऐकलेली गोष्ट खरी आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफू देऊन निजवतात, हे १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीतही नोंदलं गेलं. त्याच दशकात बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक मुंबई कायदेमंडळापुढं आलं. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, १९२९ मध्ये कायदा झाला. केंद्राच्या २०१७ च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवड्यांची रजा आणि पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, इथवर आपण आलो आहोत. सव्वीस आठवड्यांनंतर काय, याचं उत्तर अजून मावशीच आहे. आणि त्या मावशीला बाळंतपणाची रजा कुणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. सोप्याच्या कडेला बसल्या. बाळ त्यांच्याकडं झेपावलं नाही, रडलंही नाही, नुसतं त्यांच्या बांगड्यांकडं बघत राहिलं. त्यांनीही लगेच हात पुढं केला नाही. मला हे कसबी वाटतं. अनोळखी मुलाला झडप घालून उचलणारी बाई बहुधा नवखी असते.

सुनेनं शाळेच्या जुन्या वहीत मुद्दे लिहून ठेवले होते. पगार साडेआठ हजार, दर महिन्याच्या पाच तारखेला. आठवड्याला रविवार सुट्टी, शिवाय नागपंचमी आणि दिवाळीचे दोन दिवस. सहानंतर उशीर झाला तर तासाला पन्नास. काम बाळाचंच; बाळाचे कपडे आणि बाळाची भांडी, घरची नाहीत. घरेलू कामगार मंडळात नोंदणीसाठी मालकाचा दाखला ती देणार. ई-श्रमवर नावही घालून देणार. साठीनंतर महिना तीन हजार देणारी श्रमयोगी मानधन योजनाही तिनं बघितली होती, पण त्यात चाळिशीच्या आतच शिरता येतं आणि मावशी शेहेचाळीसच्या. आबांची भरही त्यात होती : आजारपणात दवाखाना आपल्याकडं, आणि अडीनडीला उचल मिळेल, बिनव्याजी. सुनेनं ते वहीत मावशींसमोरच लिहिलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

मावशी : साडेआठ बरं हाय. पर शाळंला मे महिन्याची सुट्टी असती. तवा?

सून : तेव्हा मी घरीच असते, मावशी. तेव्हा काम नसेल.

मावशी : काम न्हाई, म्हंजे पगार न्हाई?

सून : अर्धा देईन. तुमची जागा धरून ठेवायची म्हणून.

मावशी : मे सरता-सरता धूळवाफेची पेरणी असती. त्याच्या मागनं भांगलण. तवा रोज चढतोय, बाया मिळत न्हाईत. अर्ध्यावर मी बसणार न्हाई, रानात जाणार. आणि एकदा एका टोळीत शिरलं, की जूनमधी शाळा सुरू झाली म्हणून तिला मधीच सोडता येत न्हाई. तवा मला हाक मारू नका. (थोडं थांबून) बाईसाब, सुट्टीत तुमाला पगार मिळतोय न्हवं?

याला सुनेकडं उत्तर नव्हतं. तासांचा, रोजगार हमीचा, भांगलणीचा असा तिन्ही बाजूंनी बांधलेला हिशेब तिच्याच दिशेनं फिरला होता. तिची ओढाताणही खोटी नव्हती. सोळा हजारांत दीड महिना बिनकामाचे पूर्ण पैसे काढायचे म्हणजे नवऱ्याला फोन करून बोलणं आलं, आणि ते बोलणं सोपं नसतं. पण शिराळ्याच्या पश्चिम भागात भात धूळवाफेवर पेरतात, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत, आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते. या दोन्ही तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की मे महिन्याचा पगार वाचवणाऱ्या घराला जूनमध्ये बाई मिळत नाही. मावशींनी मागितली ती सवलत नव्हतीच.

आबा : आमाला लेव्हीतनं रजेचा पगार मिळायचा. गावाला भातलावणीला आलो तरी.

सून : आबा, कालपर्यंत तुम्ही चार हजार म्हणत होता.

आबा : काल काल हुता.

मावशी सोमवारपासून येतात, साडेआठ हजारांवर. मे महिन्याचं अजून ठरलेलं नाही. आबा पूर्ण द्या म्हणतात, सून अर्ध्यावर अडून आहे, आणि मुलगा शनिवारी येतो तेव्हा दोघंही त्याला आपल्या बाजूला ओढतात.